रक्तवाढीच्या गोळ्या

“पण तो कागद तिथे दाखवायचाच कशाला?” कमळा म्हणाली. “नव्या दवाखान्यात तुमच्या लिव्हरचं कोण विचारणार आहे?”

“विचारलं नाही तरी मी सांगणार,” मथुरा म्हणाली.

“तेच म्हणते मी. तुम्ही सांगू नका.”

“आणि कापल्यावर त्यांना दिसलं तर?”

“त्यांना किडनी दिसेल. किडनी पाठीकडून काढतात, लिव्हर पुढे असतं. तुम्हीच मला सांगितलंत, वन्सं.”

मागच्या पडवीत हे सकाळपासून चाललं होतं. मथुरा उंबऱ्याशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. कमळाने चुलीवरचा दुधी उतरवला आणि त्याचं पाणी न्हाणीत ओतून दिलं. दादूची भाजी दोनदा उकळायची आणि दोन्ही वेळा पाणी फेकायचं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मिठाचा कण नाही, कुळीथ नाही, पावटा नाही, दिवसाचं पाणी दोन पेले. मिरजोळ्याच्या त्या घरात चार महिने दोन वेगळे स्वयंपाक होत होते आणि करणारीला दोन्हींची चव लागत नव्हती.

दादू कमळाचा नवरा आणि मथुरेचा सगळ्यात धाकटा भाऊ. वय चौतीस. घराच्या मागेच औद्योगिक वसाहत, तिथे तो फिटर होता. भोंगा झाला की सायकलवर टांग मारून पाच मिनिटांत गेटवर. गणपतीनंतर त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग एक दिवस तो मशीनपाशीच बसला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोटात नळी घालून त्याचं रक्त दोनदा साफ केलं आणि त्याला घरी पाठवलं. “महिनाभर निभावतील,” डॉक्टर म्हणाले होते. “तेवढ्यात किडनी देणारा नक्की करा.” त्यातले बारा दिवस गेले होते.

“तो कागूद हिकडं आन,” आतून सोनूबाई म्हणाली. ती या भावंडांची आई. माजघरात बसून ती तांदूळ निवडत होती आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “मी चुलीत घालतंय. लोखंडानं कुनाचा वायट झाला काय? कोयती-विळ्यावर जगलाव आमी.”

“कोयती खाल्ली नव्हती ना कुणी,” मथुरा म्हणाली.

“वन्संनी खाल्लं,” कमळा म्हणाली. “तेरा वर्षं सरकारच्या गोळ्या खाल्ल्या. फळं आम्ही भोगतो.”

ओटीवरून दादूचा आवाज आला, “हळू बोला गो. शेजारी ऐकतात.”

मथुरा जन्मापासून फिकट होती. पाचवीला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या की पोरगी कागदासारखी आहे. धावली की तिला धाप लागे, हंडा घेऊन घाटी चढताना ती दोनदा टेके. “अंगात रक्त नाय हिच्या,” सोनूबाई सगळ्यांना सांगायची आणि त्यावर जे माहीत होतं ते करायची. दर सोमवारी आणि गुरुवारी चुलीत कोयतीचं मोडकं पातं लालभडक तापवायचं आणि ताकाच्या वाडग्यात विझवायचं. चर्र आवाज व्हायचा, ताक काळसर व्हायचं. ते मथुरेने एका दमात प्यायचं. भाऊ दारात उभे राहून तोंडं वेडीवाकडी करायचे. त्यांना ते कधी दिलं नाही. ते लाल-काळे, धडधाकट होते.

विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, वेळणेश्वराकडे. सात वर्षांनी दिवस राहिले. बाळंतपणात मूल गेलं, रक्त थांबेना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरने पिशवी काढून टाकली आणि ती जगली. सासरच्यांनी तीन महिने वाट पाहिली, कशाची ते त्यांनाच ठाऊक, आणि मग दिराबरोबर तिला माहेरी आणून सोडलं. ट्रंक ओटीवर ठेवून दीर म्हणाला, “चहा नको. गाडी चुकेल.” वर्षभरात नवऱ्याने दुसरं लग्न केलं.

ती रडत बसली नाही असं घरातले सांगतात. ते खरं नाही. ती रडली, पण गोठ्यात. मग कुणीतरी सांगितलं की नवऱ्याने टाकलेल्या बायकांना नर्सच्या ट्रेनिंगला आधी घेतात. ती रत्नागिरीला जाऊन फॉर्म भरून आली. दीड-दोन वर्षांनी पूर्णगडच्या बाजूला एका उपकेंद्रात तिची नेमणूक झाली. पांढरी साडी, हातात पेटी, पायात रबरी चपला. कोळीवाड्यापासून वरच्या धनगरवाडीपर्यंत सहा वाड्या तिच्याकडे होत्या. “नर्सबाय आली गो,” म्हटलं की बायका चूल सोडून बाहेर यायच्या. ती बाळंतपणं करायची, टोचायची, नवऱ्यांना दम द्यायची. शनिवारी संध्याकाळच्या एस्टीने मिरजोळ्याला यायची, सोमवारी पहाटे परत. दादू आजारी पडल्यापासून मात्र ती रजा काढून घरीच होती.

गोळ्यांचं तिथे सुरू झालं.

पोटुशी बाईला रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या, शंभर गोळ्या द्यायच्या, असं सरकारचं फर्मान होतं. बायका घ्यायच्या आणि खायच्या नाहीत. कुणी म्हणे शौचाला काळं होतं, कुणी म्हणे पोर काळं होतं, कुणाची सासू म्हणे पोर पोटात मोठं होईल आणि अडेल. त्या गोळ्या तांदळाच्या कणगीत, देवाच्या मागे, छपराच्या वाशात लपवल्या जात. मथुरा घरोघर जाऊन त्या परत काढायची, पदराच्या टोकाला बांधून आणायची. परत भांडारात जमा करायच्या तर रजिस्टरमध्ये बाईने गोळ्या घेतल्या नाहीत असं लिहावं लागे आणि मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत तिला बोलत. फेकायच्या तर सरकारी औषध फेकायला तिचा हात होईना. आणि ती स्वतः तर फिकटच होती. आरशात खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरं. बायकांना ती रोज तेच तर सांगत होती, पापणी पांढरी म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे गोळी.

मग तिने त्या खायला सुरुवात केली. आधी एक. मग सकाळ-संध्याकाळ. डब्यात जास्त साठल्या तर तीन. वाडीतल्या बायकांच्या नावापुढे खुणा झाल्या, भांडारात हिशेब जुळला, गोळ्या पोटात गेल्या. फिकटपणा मात्र गेला नाही. तिला वाटे, अजून थोड्या कमी पडतात. तेरा वर्षं तिने स्वतःचं रक्त एकदाही तपासून घेतलं नाही. दुसऱ्यांची बोटं टोचून ती नमुने घ्यायची, पण आपलं बोट टोचायचं तिच्या मनात आलं नाही.

हे सगळं मुंबईच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत तिच्याकडून काढून घेतलं होतं.

ते उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मथुरेला पहिल्याच आठवड्यात पसंत केलं होतं. रक्तगट जुळत होता, पेशी जुळत होत्या, लघवीची तपासणी स्वच्छ होती. फक्त हिमोग्लोबिन नऊ होतं. ते का, म्हणून त्यांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या, आणि प्रत्येक तपासणीनंतर आणखी एक निघत गेली. शेवटी बरगडीखालून सुई घालून लिव्हरचा तुकडा घेतला. मग त्यांनी तिला एकटीला बोलावून समोर बसवलं.

“बाई, तुम्ही नर्स आहात, म्हणून सरळ सांगतो. तुमच्या रक्तात जन्मतः एक दोष आहे. थॅलॅसेमिया मायनर म्हणतात त्याला. तांबड्या पेशी लहान असतात, माणूस फिकट दिसतो. पण त्यात लोह कमी नसतं. तुम्हाला लोहाची गरज कधीच नव्हती.”

“मग मी ज्या गोळ्या घेतल्या त्या?”

“त्या साठल्या. लोखंड अंगात यायला वाट आहे, जायला नाही. बायकांचं महिन्याच्या महिन्याला थोडं जातं. तुमची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. तीही वाट बंद झाली.” त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. “लिव्हर कडक व्हायला लागलंय. साखर वर आहे. हृदयावर किती बसलंय ते अजून बघायचंय.”

तिने विचारलं, “आणि किडनी?”

“किडनी चांगली आहे. थोडं लोह तिच्यातही उतरलेलं असणार. पण भावाच्या अंगात गेल्यावर ते हळूहळू निघून जाईल, असं मला वाटतं. किडनी चालेल. बाई चालतील का, ते सांगता येत नाही. भूल, रक्तस्राव, हे लिव्हर. आणि निभावलंत तरी उद्या मधुमेह आणि एकच किडनी. मी तुमची किडनी घेणार नाही.”

तिच्यावर उपाय म्हणजे दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं रक्त काढून टाकायचं. नवं रक्त करायला शरीर साठलेलं लोह वापरतं. वर्षभर, कदाचित जास्त. हे घरी सांगितल्यावर सोनूबाई कपाळाला हात लावून बसली होती. “रक्त नाय, रक्त नाय करून जलम गेला, आनि आता हाय ता काडतात?”

बाकी सगळ्यातलं एकच वाक्य घराने उचललं. किडनी चांगली आहे. किडनी चालेल. सोनूबाईने ते शेजारी सांगितलं, कमळाने आपल्या भावाला पत्रात लिहिलं. मग दादूच्या कारखान्यातल्या एका साहेबाने मुंबईतल्या एका खाजगी दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे म्हणे फार चौकशा करत नाहीत. रक्तगट आणि पेशी जुळल्याचा कागद असला की पुरे. तो कागद घरात होता. दुसरा कागदही घरात होता, आणि भांडण त्या दुसऱ्या कागदाचं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर मथुरा ओटीवर दादूपाशी जाऊन बसली. त्याच्या अंगाला सतत खाज सुटायची. नखं लावायची नाहीत, म्हणून ती ओल्या पंचाने त्याची पाठ घासत असे. आठ वर्षांनी लहान हा भाऊ. तिने त्याला कडेवर घेऊन नाचणीच्या शेतात पाखरं हाकली होती. आता त्याच्या पाठीचे मणके दिसत होते आणि पोट फुगलेलं होतं.

“आक्का,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “कमळा म्हणते त्या दवाखान्याला तुझी ना आहे.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटणार. मला पाणी प्यावंसं वाटतं.” तो जरा हसला. “विहिरीत उतरून, काठाला तोंड लावून.”

तिने पंचा पिळला. तो पुन्हा बोलला, “तू मेलीस तर आई मला जन्मभर ऐकवील. आणि नाही मेलीस तर तू ऐकवशील.”

“मी ऐकवीनच.”

मग त्याने डोळे मिटले. तिला वाटलं झोप लागली. ती उठायला लागली तेव्हा त्याने तिच्या साडीचं टोक धरलं. “मला जगायचं आहे गो,” तो म्हणाला. “पोरींची लग्नं वगैरे सोड. मला नुसतंच जगायचं आहे.”

त्या दिवशी ती हो म्हणायच्या अगदी जवळ आली होती. संध्याकाळी तिने आपली ट्रंक उघडून दोन साड्या बाजूला काढल्या. आणि साड्यांकडे बघत असताना तिला पुन्हा ते आठवलं, जे कुणाच्या तोंडून निघतंय का म्हणून ती बारा दिवस वाट बघत होती.

पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हाची गोष्ट. दादू कॉटवर, कमळा त्याच्यापाशी. बाहेरच्या खोलीत सोनूबाई, मथुरा आणि मधला भाऊ काशीराम. काशीराम गोदीत क्रेनवर होता, इस्पितळ त्याच्या खोलीपासून दोन बस लांब. सोनूबाई सकाळभर बाकावर बसून बाकीच्या लोकांचं बोलणं ऐकत होती. एका माणसाला, त्याला मागे कावीळ झाली होती म्हणून, किडनी द्यायला नको सांगून परत पाठवलं, हे तिने ऐकलं. मग एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. आईचं वय आणि ब्लडप्रेशर बघून त्याने तिचं नाव खोडलं. कमळाचा रक्तगट वेगळा. मथुरेचं लिहून घेतलं. मग काशीरामकडे बघून म्हणाला, “हे?”

“त्येला कावीळ झाली व्हती,” सोनूबाई म्हणाली.

काशीरामला कावीळ कधी झाली नव्हती. त्याला साधा खोकलासुद्धा टिकत नसे. डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा डॉक्टरने मथुरेला विचारलं, “सिस्टर, खरं का?” आणि मथुरा म्हणाली, “हो.”

डॉक्टरने रेघ मारली.

त्या वेळी तिला त्यात फार काही वाटलं नव्हतं. आपण देणारच आहोत. काशीरामची दोन मुलं, क्रेनवरचं काम, कशाला त्याला ओढा. आई घाबरली आहे, तिला एक तरी मूल सुरक्षित हवं, हे तिला समजत होतं. आपण बाईमाणूस, आपल्या मागे कोणी नाही, हे तर तिने स्वतःशीच धरून ठेवलं होतं. तेव्हा लोहाचं काही माहीत नव्हतं.

आता माहीत होतं. डॉक्टरांनी तिला नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हणेल, मग काशीरामला बघू या, असं तिला वाटलं होतं. आई म्हणेल. आई नाही तर काशीराम स्वतः लिहील. त्याचं पत्र आलंही: दादूला संभाळा, रजा मिळाली की येतो, त्या खाजगी दवाखान्याचं काय ठरलं ते कळवा. तिने ते पत्र दोनदा वाचलं. मागे काही लिहिलंय का म्हणून उलटून बघितलं.

रविवारी सकाळी रात्रीच्या गाडीने काशीराम आला. हातात संत्र्यांची पिशवी. “दादूला संत्री चालत नाहीत,” कमळा म्हणाली. “अरे हो,” तो म्हणाला आणि पिशवी पुतण्यांच्या हाती दिली, दादूच्या दोन मुलींच्या. अंघोळ करून तो दादूपाशी बसला, कारखान्याच्या गप्पा मारल्या, त्याला दोनदा हसवलं. तो वाईट माणूस नव्हता. दादूचे पाय दाबत तो अर्धा तास बसला होता.

मथुरेने त्याला विहिरीवर गाठलं.

“किती दिवस रजा?”

“दोनच. साहेब खडूस आहे. एक माणूस कमी तर बोट अडते.” तो पोहरा सोडत म्हणाला, “तुला बरं नाही असं आई म्हणाली.”

“लिव्हरमध्ये लोह आहे. कागद बघितलास?”

“मला त्यातलं काय कळणार, आक्का. पण किडनी चांगली आहे ना?”

“माझी चांगली आहे. तुझीपण चांगली असेल.”

पोहरा पाण्याला लागला. त्याने दोर ओढला नाही. “डॉक्टरने मला खोडलंय ना पण,” तो म्हणाला.

“त्याने का खोडलं?”

“ते आईने काय सांगितलं तुला माहीत आहे.” मग घाईघाईने म्हणाला, “क्रेनचं काम आहे गो. एका किडनीवर मेडिकल पास होत नाही. मी नाही म्हणत नाही. पण काही इलाज निघत असेल तर बघावं, एवढंच म्हणतो.”

“निघत असेल तर,” मथुरा म्हणाली. तिने दोर त्याच्या हातातून घेतला आणि पोहरा वर ओढला.

स्वयंपाकघरात सोनूबाई नारळ खवत होती. मुलगा आला म्हणून तिने कमळाला बंदरावर पाठवून सुरमई आणवली होती. मथुरा तिच्या समोर बसली.

“आई, काशीरामला तपासू या.”

“त्येला कावीळ झालीय.”

“आई, माझ्याशी बोलतेस तू.”

विळीवरचा हात थांबला. सोनूबाईने दाराकडे बघून घेतलं. कमळा बाहेर मुलींच्या वेण्या घालत होती. “दोन पोरगं एका टायमाला टेबलावर घालू काय मी?” ती हळू म्हणाली. “एक गेला तर एक तरी रव्हंल.”

“आणि मी?”

“तू देनार व्हतीस ना? तूच तर बोललीस, मी देतंय.”

“तेव्हा माहीत नव्हतं.”

“आता काय येगळा हाय? किडनी चालंल, डाक्तर बोलला.” मग तिचा आवाज आणखी खाली गेला, जवळजवळ समजुतीचा. “तुज्या मागं कोन हाय गो बाय?”

ती हे दुष्टपणाने बोलली नव्हती. तसं असतं तर मथुरेला उत्तर देता आलं असतं. पावसाचा अंदाज सांगावा तसं आईने ते सांगितलं आणि पुन्हा नारळ खवायला लागली. माशाची कढी शिजल्यावर त्यातला सुरमईचा पोटाकडचा मोठा तुकडा उचलून तिने वेगळ्या वाटीत काढला आणि वाटी मथुरेकडे सरकवली. “गरम हाय तवर खा.”

मथुरेने वाटी परत कढीत ओतली.

जेवायला सगळे एकत्र बसले. दादूलाही धरून आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्याच्या ताटात पांढरा भात आणि फिका दुधी. बाकीच्यांच्या ताटांकडे तो बघत नव्हता. कमळा वाढत होती. काशीराम मुंबईतल्या नव्या दवाखान्याच्या पत्त्याबद्दल बोलत होता, तो भाग त्याला ठाऊक होता, तिथे कसं जायचं ते त्याला ठाऊक होतं.

“भावोजी,” कमळा भाताचं पातेलं घेऊन उभी राहिली, “एक विचारते. तुमची ती कावीळ कधीची?”

“का?”

“पत्रात माझा भाऊ म्हणतो, फार जुनी असली तर चालत असेल कदाचित. विचारून बघा म्हणतो. म्हणजे वन्संचं काही जमलं नाही तर.”

“लहानपणची,” काशीराम म्हणाला.

“मंबयला गेल्यावं झाली व्हती,” सोनूबाई त्याच वेळी म्हणाली.

काशीरामने कढीत बोटं बुडवली. सोनूबाई म्हणाली, “दोन येळा झाली. एक येळ साळंत असताना.”

“कोणत्या यत्तेत?” कमळाने विचारलं. तिच्या आवाजात अजून संशय नव्हता. ती खरोखरच विचारत होती. तिला वर्षं मोजायची होती. मग ती मथुरेकडे वळली. “वन्सं, तुम्ही नर्स. घरच्या माणसाची कावीळ तुमच्या तरी लक्षात असेल.”

मथुरेने हातातला घास ताटात ठेवला. आई तिच्याकडे बघत होती. काशीराम ताटाकडे बघत होता. दादू मान वर करून, पहिल्यांदाच, एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

“काशीरामला कावीळ कधी झाली नाही,” ती म्हणाली. “आई खोटं बोलली आणि मी तिला हो म्हटलं. मी नर्स म्हणून डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.”

कमळाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिने सासूकडे बघितलं, मग दिराकडे. मग ती सावकाश खाली बसली, पातेलं मांडीवर घेऊनच.

“आक्का, जेवताना हे काय,” काशीराम म्हणाला.

“मग कधी? तुझी दोनच दिवसांची रजा आहे.” मथुरेने पाण्याचा घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं नव्हतं. तो चढतच नव्हता. वाडीत बाईला बाळंतपणाची तारीख सांगताना लागायचा तसाच तो लागला.

“उद्या पहाटेच्या गाडीने मी मुंबईला जाते. मोठ्या डॉक्टरांना भेटून ती रेघ मी पुसून घेणार. तुझी तपासणी त्यांना करू दे. जुळली तर दे किंवा देऊ नकोस, पण नाही म्हणायचं असेल तर ते तू दादूला सांग, त्याच्यासमोर बसून. माझी किडनी मी देणार नाही. ह्या दवाखान्यात नाही आणि त्याही नाही.”